दोन लॅमिंग्टन रोड आणि एक सुई

लॅमिंग्टन रोड म्हटले की मुंबईकराला ग्रँट रोड स्टेशनजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आठवतात. मला मात्र हुबळी आठवते. माझे आजोळ हुबळीचे. आजोबांचे घर तिथल्या लॅमिंग्टन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत होते. दोन्ही रस्त्यांच्या नावामागचा साहेब एकच. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. म्हणून हुबळीतही त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि शाळाही आहे. मुंबईचा रस्ता पुढे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झाला, हुबळीचे नाव २०१४ साली अधिकृतपणे हुब्बळ्ळी झाले. लोकांच्या तोंडी मात्र दोन्हीकडे लॅमिंग्टन रोडच राहिला.

लहानपणी मे महिन्यात आम्ही आईबरोबर हुबळीला जायचो. आजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. आता मीही सरकारी कारकूनच आहे, तेव्हा घराण्याची परंपरा राखली म्हणायला हरकत नाही! त्यांच्या पलंगाखाली दोन गोष्टी असत. एक एचएमव्हीचा बॅगेसारखा बंद होणारा, चावीचा ग्रामोफोन आणि दुसरी तबकड्यांची लाकडी पेटी. दोन्हींना हात लावायचा नाही, असा नियम होता.

मी दहा वर्षांचा असताना एका दुपारी आजोबा बाहेर गेलेले पाहून मी तो नियम मोडला. पेटीतल्या एका तबकडीवर गाणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘हुबळी’ असे छापलेले होते. आपल्या आजोळचे नाव तबकडीवर! मला त्याचे फार अप्रूप वाटले. मी चावी दिली, यंत्रात आधीपासून लावलेली पिन तशीच ठेवली आणि तीच तबकडी दहाबारा वेळा वाजवली. संध्याकाळी आजोबा आले. ते रागावले नाहीत. त्यांनी तबकडी उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर करडे पट्टे उमटले होते. “अरे बाळा, पिन बदलली नाहीस ना?” एवढेच ते म्हणाले आणि तबकडी कागदी पाकिटात घालून त्यांनी पेटी बंद केली.

आजोबा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. काही वर्षांपूर्वी ते घर विकायचे ठरले तेव्हा मामाने फोन केला, “अरे, आजोबांची पेटी घेऊन जा. नाहीतर भंगारवाला नेईल.” मी गेलो आणि परतीच्या गाडीत लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असे करत मडगावपर्यंत ती पेटी मांडीवर धरून बसलो. ३४ तबकड्या होत्या, त्यातल्या तीन तडकलेल्या. करड्या पट्ट्यांची ती तबकडी शाबूत होती. आता प्रश्न हा, की ती वाजवायची कशावर?

वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. पण ती तबकडी कोणाची होती हे कळले तेव्हा मला तो अधिक गंभीर वाटू लागला. तिच्यावरचे नाव होते गांधारी, हुबळी. म्हणजे आपल्या गंगूबाई हनगल. त्यांचा जन्म १९१३ सालचा, धारवाडचा. जन्मनाव गांधारी. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. १९२८ साली हे कुटुंब हुबळीला आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, गंगूबाई हुबळीच्याच राहिल्या. लहानपणी रस्त्यावर कुठे ग्रामोफोन वाजू लागला की त्या ऐकायला धावत जात. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस एचएमव्हीने त्यांच्या तबकड्या काढल्या त्या गांधारी या नावाने. ग. ना. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतेही गायली आहेत.

आज आपल्या कानात गंगूबाईंचा जो आवाज आहे तो भारदस्त, खर्जाकडे झुकणारा, पुरुषी म्हणावा असा. तो नंतरचा आवाज. घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज बदलला. त्याआधीचा त्यांचा आवाज बारीक, चढा आणि लवचीक होता. तो आवाज ध्वनिफितीवर नाही आणि एलपीच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांतही नाही. तो आहे तो फक्त त्या सुरुवातीच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर. आणि त्यातल्याच एका तबकडीवर मी दहाव्या वर्षी गंजकी पिन फिरवली होती.

हुबळी-धारवाडच्या गाण्याला तबकड्यांनी किती दिले, हे वेगळे सांगायला नको. जवळच्याच गदगला शाळकरी भीमसेन जोशींनी दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गाणे शिकण्यासाठी घरातून निघून गेले. हिंडून फिरून अखेर ते कुंदगोळला, खाँसाहेबांच्याच शिष्याकडे पोचले. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तबकड्याही त्याच दशकात निघाल्या. रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या हुबळीत नाटक कंपन्या जशा उतरत, तशाच तबकड्यांच्या पेट्याही उतरत असणार. माझ्या आजोबांसारख्या तुटपुंज्या पगाराच्या माणसाने त्यातल्या ३४ जमवल्या.

आता यंत्राकडे वळू. यंत्र निवडण्याआधी तबकडी कशाची बनते ते समजून घ्यावे लागते. आपण तिला काळी काचेसारखी तबकडी म्हणतो, पण ती लाखेची. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर राहणारा किडा जो चिकट पदार्थ स्रवतो, तीच ही लाख. आमच्या कार्यालयात लखोट्यांवर मोहोर उठवायला वापरतात तीही मुळात हीच. छोटा नागपूरच्या जंगलांतून ती कलकत्त्याला जाई आणि तिथून जगभर. गंमत पाहा, १९०२ साली गाइसबर्गसाहेबांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हा तबकड्या छापून आल्या त्या जर्मनीतल्या हानोव्हरहून. म्हणजे लाख इथली, गाणे इथले आणि छपाई तिकडची. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहजवळ कारखाना निघाला तेव्हा ही येरझार थांबली.

नुसत्या लाखेची तबकडी टिकत नाही. म्हणून तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू मिसळत. ही दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक वजनाने तबकडीवर टेकतो. पोलादी पिन नवी असताना पहिल्या काही फेऱ्यांतच ही पूड पिनेचे टोक घासून त्याला खाचेचा आकार देते. म्हणजे झिजायचे ते पिनेने, तबकडीने नव्हे, अशी ती योजना होती. पण एक बाजू संपेपर्यंत त्या टोकाला पटाशीसारख्या धारा येतात. तीच पिन दुसऱ्यांदा लावली की त्या धारा खाचेच्या भिंती तासू लागतात. म्हणून दर बाजूला नवी पिन. पत्र्याच्या इवल्या डबीत दोनदोनशे पिना मिळत त्या याचसाठी. आजोबांच्या त्या एका प्रश्नाचा अर्थ मला तीस वर्षांनी कळला.

पहिला पर्याय अर्थातच आजोबांचा ग्रामोफोन. त्याची स्प्रिंग तुटली होती, पण ती बदलून देणारे कारागीर अजून सापडतात. असे यंत्र असेल तर जरूर दुरुस्त करावे. विजेशिवाय, नुसत्या चावीवर खोलीभर गाणे ऐकू येते हा अनुभव घ्यायलाच हवा. मात्र त्यावर कोणत्या तबकड्या लावायच्या हे आधी ठरवावे. सहज मिळणारी सिनेमाची गाणी लावावीत, तीही दर बाजूला नवी पिन घालून. दुर्मिळ तबकडी लावू नये. आणि एलपी किंवा छोटी प्लास्टिकची तबकडी तर कधीच नाही, एका फेरीत तिचा निकाल लागतो. पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन जुन्या बाजारांत विकायला दिसतात, त्यांपासून जरा जपून. त्यातले बरेच नव्या पत्र्याचा कर्णा, नवी पेटी आणि जुन्या बॅग-ग्रामोफोनचे आतले भाग असे जोडून केलेले असतात. दिवाणखान्यात शोभतात, गाण्याचे मात्र खरे नसते.

दुसरा पर्याय, ज्याला मी फसलो. बाजारात हल्ली स्वस्त, सुटकेससारखे रेकॉर्ड प्लेअर मिळतात. त्यांच्या बटणावर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग लिहिलेले असतात. मी ७८ पाहिले आणि पैसे मोजले. घरी आणून तबकडी लावली तर गाण्यापेक्षा खरखर जास्त. सौभाग्यवती म्हणाली, “यापेक्षा पावसात पत्र्याखाली उभी राहते.” चूक वेगाची नव्हती, सुईची होती. जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिला लागणारी सुई साधारण तीन मिल जाडीची, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी तीन. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहूनही बारीक. ही बारीक सुई जुन्या खाचेत घातली की ती भिंतींना न टेकता तळाशी जाऊन बसते. गाणे लिहिलेले असते भिंतींवर, आणि तळाशी असते ऐंशी वर्षांची धूळ. आपण ऐकतो ती धूळ! तेव्हा यंत्र घेताना वेग नंतर विचारावा, ७८ची वेगळी सुई बसते का हे आधी विचारावे.

तिसरा पर्याय म्हणजे पन्नास ते सत्तरच्या दशकांतले विजेवरचे जुने प्लेअर. यांपैकी अनेकांत सुई उलटवायची सोय असते, एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ची. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या साठचे दशक संपेपर्यंत निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८वर आली होती. गावोगाव वीज नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन घरोघर होते, हे त्यामागचे कारण. त्यामुळे हे प्लेअर तेव्हाच्या घरांना सोयीचे होते. पण आज त्यांची रबरी चाके कडक झालेली असतात आणि सुई मूळची असेल तर ती झिजलेली असणार असेच धरून चालावे. चांगला मेकॅनिक हाताशी असेल तरच या वाटेला जावे.

मी शेवटी चौथा पर्याय घेतला. ७८चा वेग असलेला आणि तो वेग थोडा कमीजास्त करता येणारा आजच्या बनावटीचा टर्नटेबल, आणि त्याला ७८ची वेगळी सुई. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ मालिका यासाठी सोयीची पडते. त्यातली एसपी नावाची सुई तीन मिलची आहे, सुमारे पाच ग्रॅम वजनाने चालते, आणि मालिकेतल्या काडतुसांना एलपीची सुईही बसते. आजोबांच्या यंत्राचे शंभराहून अधिक ग्रॅम आणि हे पाच. तबकडीच्या आयुष्यात हा फरक केवढा पडत असेल! बाकीच्या वायरी आणि छोटा प्रीअॅम्प्लिफायर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. तबकड्या एका लॅमिंग्टन रोडवरच्या, साहित्य दुसऱ्यावरचे.

प्रीअॅम्प्लिफायरबद्दल दोन शब्द. एलपी मुद्रित करताना खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात. वाजवताना यंत्र त्याच्या उलट करते. याचे एकच प्रमाण १९५४ पासून सर्वत्र रुळले. आपल्या तबकड्या त्याआधीच्या. १९२५ पूर्वीच्या तर विजेशिवाय, थेट कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या. या तबकड्या एलपीच्या प्रमाणाने वाजवल्या की वरचे सूर दबतात आणि खालचे फुगतात. बाईचा आवाज जाड होतो. यावर उपाय म्हणजे असे बदल न करणारा प्रीअॅम्प्लिफायर घेणे आणि नंतर कानाने जुळवणे, किंवा आवाज संगणकावर घेऊन ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये हे प्रमाण दुरुस्त करणे. आणखी एक युक्ती आहे. जुन्या तबकडीत सुई फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीत असते ती निव्वळ खरखर. डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनो केले की बरीच खरखर आपोआप वजा होते.

वेगाचीही गोष्ट अशीच. ७८ हा आकडा पुढे ठरला. आधीच्या काळात ७० पासून ८० च्या वरपर्यंत वेग आढळतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी एका स्वराने चढते, पांढरी एकची काळी एक होते. साथीला पेटी असेल तर आपली पेटी घेऊन बसावे. सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर वेगाचा संशय घ्यावा. हा पक्का पुरावा नव्हे, कारण तेव्हाच्या सगळ्या पेट्या एकाच मापाने लावलेल्या नव्हत्या, पण दिशा कळते. टर्नटेबलचा स्वतःचा वेग तपासायला तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून अर्ध्या मिनिटात ३९ फेरे मोजले तरी पुरे.

आता जरा विचार करा. गांधारीची तबकडी कमी वेगाने आणि एलपीच्या प्रमाणाने वाजवली तर काय होईल? आवाज खाली येईल, जाड होईल, आणि ऐकणारा म्हणेल, “या तर आपल्या नेहमीच्या गंगूबाई.” जो आवाज फक्त तिथेच उरला आहे, तो समोर असून हरवेल. यंत्र निवडणे हा इतिहासाचा भाग आहे असे मी म्हणतो ते यासाठी.

सगळे जुळल्यावरही त्या तबकडीला हात लावायला मला महिना लागला. आधी ती धुतली, कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडे ठेवून. लक्षात ठेवा, स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही वापरू नका, लाख त्यात विरघळते. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात पाकिटे ओली होऊन तबकडीला चिकटतात, बुरशी येते. म्हणून तबकड्या उभ्या, कोरड्या आणि नव्या पाकिटांत ठेवाव्यात.

तीन मिलच्या सुईवर पहिल्यांदा फक्त फुफाट्यासारखा आवाज आला. माझ्या करणीचे फळ. मग एका संग्राहक स्नेह्याने मला वेगवेगळ्या जाडीच्या सुया वापरायला दिल्या आणि एक साधी गोष्ट सांगितली. खाचेच्या भिंती उतरत्या असतात. जाड सुई भिंतीवर वरच्या बाजूला टेकते, बारीक सुई खालच्या. माझ्या पिनेने भिंतीचा एक पट्टा तासला असेल, पण त्याच्या वर किंवा खाली गाणे अजून शिल्लक असू शकते. आम्ही एकेक सुई लावून पाहिली. सर्वांत जाड सुईवर खरखर तशीच होती. अडीच मिलच्या सुईवर मात्र, खरखरीच्या मागून का होईना, एका मुलीचा आवाज वर आला. बारीक, चढा, घाई नसलेला. सगळे नाही परत आले. मधल्या काही ताना गेल्या त्या गेल्याच. पण बाजू संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली, हे प्रत्येक गोमंतकीयाला अभिमानाने ठाऊक असते. त्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या सोनेरी तबकडीबरोबर शास्त्रज्ञांनी सुई आणि काडतूसही ठेवले आहे. आवरणावर सुई कशी लावायची याचे चित्र कोरले आहे आणि एका फेऱ्याला किती वेळ लागावा तेही, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूच्या मापात लिहिले आहे. ज्याला आपली भाषा येत नाही, मिनिट म्हणजे काय हे माहीत नाही, त्यालाही केसरबाई नीट ऐकू याव्यात अशी ती सोय. आपल्या माळ्यावरच्या पेट्यांत अशी चिठ्ठी कोणी ठेवलेली नाही.

म्हणून कारकुनी सवयीप्रमाणे मी आता प्रत्येक पाकिटात एक कागद घालून ठेवतो. कोणती सुई, किती वेग, कोणत्या तारखेला वाजवली, कुठे तडा आहे. गांधारीच्या पाकिटातल्या कागदावर अडीच मिल असे लिहिले आहे. खाली मधल्या करड्या पट्ट्यांचे कारणही लिहिले आहे, माझ्या नावासकट.